बू विनार्सिहची हमी

तुलुंगागुंग गावात लढाऊ मासे पाळणारी घरं पुष्कळ, पण सगळे आदराने 'बू' म्हणायचे त्या विनार्सिहचा मासा लोक डोळे झाकून घ्यायचे. सगळी विक्री फोनवरच्या एका गटात. देणारा एका बेटावर, घेणारा दुसऱ्यावर. मधे दुकान नाही, शेठ नाही, नाव हेच भांडवल. वाटेत मासा मेला तर ही बाई न भांडता दुसरा पाठवायची. असं ते नाव जमलं होतं.

गटात नवा विक्रेता आला की जुन्याने त्याची हमी घ्यायची आणि त्याने फसवलं तर दोघांनाही काढायचं. एकदा स्वतः फसल्यावर विनार्सिहनेच हा नियम भांडून करून घेतला होता. आणि तीच धाकट्या भावाची, दर्तोची, हमी घेऊन बसली. भाऊ म्हटला की शहाण्या बाईची अक्कलही गहाण पडते. दर्तोने दुसऱ्यांच्या माशांचे फोटो दाखवून मरतुकडे मासे लोकांच्या गळ्यात मारले. दोघंही गटाबाहेर झाली.

बरण्यांतले नर मासे म्हातारे होऊ लागले, रंग उतरू लागले. विधवा बाई, दुसरी मिळकत नाही. ती रोज पाणी बदलायची आणि रडायची.

एका दुपारी दर्तो ताईला 'म्बाक' अशी हाक मारत हसत आला. "म्बाक, पुरे झालं रडगाणं. नवं नाव घेतलंय. एका जुन्या सभासदाचं बंद पडलेलं खातं विकत घेतलं, त्याच खात्यावरून माझ्या नव्या नावाची हमी घेतली. वाहवा करणारेही भाड्याचे. दे तुझे मासे, खपवतो."

क्षणभर तिचं मन डळमळलं, खोटं कशाला सांगा. मग तिने त्याच्यासमोरच गटप्रमुख सुगियोनोंना, ज्यांना सगळे मानाने 'पाक' म्हणत, फोन लावला.

"पाक, तो नवा विक्रेता म्हणजे आमचा दर्तो. काढा त्याला."

"बू, बाहेर काढलेला माणूस आतल्याबद्दल काहीही सांगेल. तुमच्या शब्दाची हमी गटातलं कोण घेतंय?"

तिने ज्यांची ज्यांची हमी घेतली होती, त्या सगळ्यांना फोन केले. एकानेही उचलला नाही. तिने पाकना कळवलं, "कोणी नाही."

"मग माझे हात बांधलेत, बू. हमीशिवाय कुणाला मानायचं नाही, हा नियम तुमचाच आहे."

दर्तोने स्वतःचा फोन तिच्यापुढे धरला. त्याने नव्या नावाने गटात तिच्याच ओट्यावरच्या लाल नराचा जुना फोटो टाकला होता. खाली दूरच्या मकासर शहरातल्या कुणीतरी लिहिलं होतं, "अगदी बू विनार्सिहच्या माशासारखा आहे. घेतला."