मागच्या दोन खोल्या

कंपनीच्या फलकावर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली आणि त्याच संध्याकाळी मी मनानं गावी राहायला गेलो. देह वारज्याच्या फ्लॅटमध्ये जेवत-झोपत होता, तेवढंच.

गाव आमचं वर्ध्याकडचं. तिथल्या घराला मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. थोरला भाऊ आणि वहिनी पुढच्या भागात राहतात. मागं आम्ही दोघं राहणार, अंगणात बाज टाकणार, परसात वांगी लावणार. हे मी बायकोला इतकं ऐकवलं होतं, की कांदा चिरता चिरता पुढचं वाक्य तीच पुरं करायची. मूळची तीही तिकडचीच. पण इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर टोमण्यात ती शनिवार पेठेतल्या दुकानदारालाही हार गेली नसती.

"गॅलरीतली मिरची वाचली नाही तुमच्या हातून. वांगी काय म्हणून वाचतील?"

"तिथली माती वेगळी आहे."

"माणूस हाच जाणार ना पण?"

चेष्टा अशी रोजची चाले, पण त्या आठवड्यात तिचा आवाज बदलला. फॉर्म देण्याची मुदत शनिवारी संपत होती. एकदा दिला, की नोकरी गेली. मुलगी नुकतीच हिंजवडीतल्या कंपनीत लागली होती, तिचं लग्न व्हायचं होतं. पगाराशिवाय पुण्यात निभणं कठीण, गावी मात्र निभलं असतं. सगळा हिशेब त्या दोन खोल्यांवर उभा होता आणि त्या खोल्यांबद्दल मी दादाला कधी विचारलंच नव्हतं. गृहीत धरलं होतं.

"आधी दादांना विचारा," बायको म्हणाली, "मग फॉर्म भरा."

मी फोन करायच्या आत त्याचाच आला. "येतो मी. थोडं बोलाचं आहे."

दादा कधी बोलायचं म्हणून येत नाही. रात्रभर मला वाटण्या, मोजणी आणि तहसील दिसत राहिलं.

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको आमच्याकडे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. वारज्याला आम्ही आलो, लिफ्ट आली, घरात कॉम्प्युटर आला, पण ही रीत राहिली. दादा आला, की मी टेलिफोन एक्स्चेंज होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभी, तो पाटावर, आणि मधे मी.

"तिले म्हण, वांगं झकास झालं."

"दादा म्हणतो, वांगं झकास झालंय."

"त्यांना म्हणावं, अजून घ्या."

हे दोघं एकमेकांपासून चार हातांवर. मला वाटतं, या नोकरीत माझी ज्येष्ठता कंपनीतल्यापेक्षा जास्त आहे.

दादानं आल्यापासून विचित्र चौकशा चालवल्या होत्या. लिफ्ट बंद पडते का? पाणी दिवसा येतं का? दवाखाना किती लांब? मला वाटलं, हा आमच्या घराच्या उणिवा काढतोय. म्हणजे मी गावी येणार हे त्याला कळलंय आणि तो खूश आहे. मी भाताचा घास तसाच ठेवून बोलून टाकलं.

"दादा, मी नोकरी सोडायचं म्हणतोय. मागच्या दोन खोल्यांत येऊन राहू आम्ही."

दादाचा हात थांबला. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मी घर विकाचं म्हणतो. तुही सही पाह्यजे, म्हणून आलो."

"काय?"

"तुही वहिनी चार पावलं चालली की धापते. मागच्या महिन्यात रात्री जीप मिळेस्तोवर तिचे ओठ निळे पडले होते. मी नुसता वारा घालत बसलो. मले इथं तुह्याजवळ एखादं घर पाहून दे."

मला वहिनीचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी ती अंगणातली बाज कोणीतरी अंगाखालून ओढून नेल्यासारखं झालं.

"मी सही देणार नाही," मी म्हणालो.

दादा भात कालवत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तिले म्हण, थोडं ताक आहे का?"

निरोप माझ्यापाशीच अडकला. दादा मान खाली घालून वाट बघत होता.

"देते, दादा," दारातून आवाज आला.

दादानं चमकून वर पाहिलं. मीही. बायकोनं ताकाचा पेला त्याच्यापुढं ठेवला आणि तिथंच, भिंतीला टेकून, खाली बसली.

"वहिनींना रात्री आडवं पडल्यावर दम लागतो का, दादा?"

दादानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही मदत करण्याच्या स्थितीत नव्हतो.

"लागते," तो तिला म्हणाला. "दोन उशा घेऊन निजते."

"मग तळमजलाच हवा. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक रिकामा आहे. आधी भाड्यानं राहून बघा. वहिनींना मानवलं, तर घराचं बघू."

"हा सही नाही देत म्हणतो."

"देतील. चिडलेत. तुम्ही ताक घ्या."

माझ्यासमोर, माझ्याच घरात, माझ्याविषयी असं बोलणं चाललं होतं आणि दोघांनाही माझी गरज उरली नव्हती. मी हात धुवायला उठलो.

सकाळी दादाला घेऊन मीच त्या तळमजल्यावर गेलो. खोल्या लहान होत्या, नव्या रंगाचा वास येत होता. खिडकीबाहेर स्कूटरी लावलेल्या. दादानं दारापासून बाथरूमपर्यंत दोनदा चालून पाहिलं, वहिनीच्या चालीनं, मधे भिंतीला हात लावून थांबत. मग खिडकीशी जाऊन म्हणाला, "इथं बसता येईल तिले."

"हो," मी म्हणालो.

सहीचं त्यानं काढलं नाही. शनिवार दोन दिवसांवर होता आणि माझा कोरा फॉर्म कंपनीतल्या खणात पडून होता.

"दादा," मी विचारलं, "गावच्या घराचे कागद कधी करायचे?"