आधी बाटली पिईल

माझ्या घरात पहिला पदवीधर मी. पण त्या पदवीचा उपयोग ज्यांनी शिकवला, ते भालेराव सर. धुळ्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ होते. खेड्यात कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की ते हात जोडत आणि म्हणत, "आधी बाटली पिईल, मग मी." मग नमुन्याची बाटली त्याच पाण्याने विसळून भरत. "बाटलीला आधी विहिरीची ओळख करून द्यावी," असंही म्हणत.

सोनगीरजवळच्या एका गावात रंगाच्या कारखान्याच्या नाल्याबद्दल तक्रार आली होती. सरांनी कागदावर नाला काढला, उताराच्या विहिरींवर खुणा केल्या आणि वरच्या अंगाची एक विहीर तुलनेसाठी निवडली. तिथवर नाल्याचं पाणी पोचणं शक्य नव्हतं. ती विहीर होती गावातल्या म्हाताऱ्या अक्कांची.

अक्का हसल्या. "गोड पानीले काय तपासस, भाऊ? बठ्ठं गाव आठलंच पानी पेस." सगळं गाव त्यांच्याच विहिरीचं पाणी पीत होतं.

"संशय सगळ्यांवर सारखा घ्यावा लागतो, अक्का," सर म्हणाले. बाटली भरली, मग ते प्यायले आणि म्हणाले, "खरंच गोड आहे."

तेवढ्या कौतुकाने अक्का मोकळ्या झाल्या. तान्हा नातू गेला होता. ओठ, नखं निळी पडत गेली होती. सुनेला दूध नव्हतं, म्हणून अक्का स्वतः पाणी उकळून पावडरचं दूध पाजत. गाव सुनेला पांढऱ्या पायाची म्हणू लागलं होतं. तिला पुन्हा दिवस गेले होते आणि अक्कांनीही तोच बोल लावून तिला माहेरी धाडलं होतं.

तपासणीत नाल्याकाठच्या विहिरी वाईट निघाल्याच. पण नायट्रेट सर्वांत जास्त निघालं अक्कांच्या विहिरीत. तिच्या काठालाच वर्षानुवर्षांचा उकिरडा होता. मोठ्यांना ते चटकन बाधत नाही, तान्ह्या बाळाला बाधतं, ते निळं पडतं. चवीला कळत नाही. आणि उकळल्याने जात नाही, उलट दाट होतं.

"अहवाल टपालाने पाठवू," मी म्हणालो.

"टपाल तिच्याशी बोलणार आहे का?" सर म्हणाले आणि मला घेऊन एसटी धरली.

अक्कांच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. "त्यानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत. पण पुढचं बाळ या पाण्यावर नको. आणि सुनेला बोल लावू नका."

अक्कांनी विहिरीकडे पाहिलं. "उकाळीसनी पाजं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच पाजं."

त्यानंतर कधीही एसटीतून सोनगीरचा किल्ला दिसला की त्यांचं बोलणं मध्येच थांबे. एकदाच म्हणाले, "मी गोड म्हणालो होतो रे."

सर निवृत्त होऊन नाशिकला गेले. गेल्या वर्षी त्या गावात पुन्हा नमुने घ्यायला गेलो, तेव्हा मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"आदरणीय सर, शि. सा. न.

अक्का आता नाहीत. तुम्ही सांगून गेलात त्याच आठवड्यात त्या स्वतः जाऊन सुनेला घेऊन आल्या होत्या. तिचा मुलगा शाळेत जातो. विहिरीवर फरशी टाकली आहे, उकिरडा हलवला आहे. सून सांगत होती, अक्का शेवटपर्यंत पाहुण्याला पाणी द्यायच्या, पण आधी स्वतः घोटभर पिऊन पाहायच्या. त्याने काही कळत नाही, हे ठाऊक असूनही.

सुनेने मला नळाचं पाणी दिलं. तीही आधी घोटभर प्यायली. तुमचं वाक्य माझ्या तोंडून निघेना, सर. मी प्यायलो. बाटली नंतर भरली."