काकांच्या होडीचं जड स्टेअरिंग

बीड जिल्ह्यात आमच्या काकांची होडी आहे असं सांगितलं की माणसं आधी माझ्याकडं नीट बघतात आणि मग विषय बदलतात. जिथं उन्हाळ्यात टँकर दिसला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळते, तिथं होडीची गोष्ट म्हणजे लोकांना थापच वाटते. पण धरण झालं तेव्हा काकांची खालची जमीन पाण्यात गेली आणि वरचा तुकडा पलीकडच्या काठाला राहिला. रस्त्यानं जायचं तर अर्धा तालुका हिंडून जावं लागतं. पूल दर निवडणुकीत मंजूर होतो, त्याबाबत आमची काही तक्रार नाही. काकांनी मात्र वाट न बघता मासळीच्या एका ठेकेदाराकडून फायबरची जुनी होडी घेतली. तिला मागं लटकवलेलं लहानसं इंजिन होतं आणि पुढं जीपला असतं तसं गोल स्टेअरिंग. त्या स्टेअरिंगमुळं काकांचा गावात रुबाब वाढला होता, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

गेल्या वर्षी ते स्टेअरिंग जड व्हायला लागलं. काका दोन्ही हातांनी धरून, छाती टेकवून फिरवायचे. एक दिवस त्यांचा मला फोन आला. "स्टेअरिंग जाम हाय. पोरगं म्हनतंय माझ्या हातात जोर न्हाई राहिला. हाताला काय बी झालं न्हाई. तू ये."

माझं चौसाळ्याला हायवेवर पंपाच्या सामानाचं दुकान आहे. पंप पाण्यात असतो, होडीही पाण्यात असते, तेव्हा मला त्यातलं कळणारच, असा काकांचा सरळ हिशेब. मीही नट खोलायचे पाने पिशवीत टाकले आणि निघालो, कारण आपल्याला कळत नाही असं सांगायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

काठावर चुलतभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभाच होता. त्याला पुढं पंचायत समितीला उभं राहायचंय, आणि पाण्यात बुडालेला बाप प्रचाराला जरा अडचणीचा पडतो. शेजारी लिंबाखाली होडी विकत घ्यायला आलेले पाहुणे बसले होते. म्हणजे दुरुस्तीच्या आधीच गिऱ्हाईक तयार होतं. "हे बग," चुलतभाऊ मला म्हणाला, "आज हे सुटलं आन् तुझ्या काकांनी होडी नीट चालवून दाखवली, तर राहू दे. न्हाई तर हे पाव्हणे आजच घेऊन जातेत. मंग ते शेत दुसऱ्याला कसायला बटईनं देऊन टाकू."

उरलेल्या त्या तुकड्यावर काका रोज जायचे. कामाला गडी होता, पण बांधावर जाऊन उभं राहिल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नसे. ते शेत बटईनं देणं म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

होडीवर आधीच बरेच उपचार झाले होते. कडा गावाकडं उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांच्या जावयांनी ग्रीसगननं ग्रीस कोंबलं होतं. शेजाऱ्यानं जळकं ऑइल ओतलं होतं. काकूंनी शेंगदाण्याचं तेल सोडलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात तेच बरं होतं. स्टेअरिंगपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या केबलीचं मूळ काम अगदी साधं आहे. स्टेअरिंग फिरवलं की केबल एक दांडा ढकलते, तो दांडा इंजिनाच्या पुढ्यातल्या आडव्या नळीतून सरकतो, आणि त्याच्या टोकाची पट्टी इंजिनाचं तोंड वळवते. मी पट्टी सोडवली. इंजिन हातानं झोपाळ्यासारखं हललं. स्टेअरिंग मात्र होतं तसंच जड. म्हणजे एक तर केबल गेली होती, नाही तर दांडा नळीत अडकला होता.

नळीच्या टोकाचा मोठा नट फिरला, पण दांडा काही बाहेर येईना. डिझेल सोडलं, चहा झाला, पुन्हा डिझेल सोडलं, पाहुण्यांचाही चहा झाला. शेवटी लाकडाचा ठोकळा लावून ठोकत ठोकत दांडा बाहेर काढला, आणि स्टेअरिंग एकदम भिंगरीसारखं फिरलं. केबल ठणठणीत होती. मग मी नळीत डोकावलो. आत तांबूस, चिकट, दगडासारखं काहीतरी बसलं होतं. खरवडून हातावर घेतलं तर त्याला कुंकवाचा रंग होता आणि वास खोबऱ्याचा.

आमच्याकडं अमावस्येला गाडीवर नारळ फोडतात. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर, कुणाचीही सुटका नाही. होडीचीही झाली नव्हती. पण फायबरवर नारळ फोडला तर नारळाच्या आधी होडीच फुटेल, एवढी अक्कल काकांना होती. म्हणून ते होडी घेतल्या दिवसापासून न चुकता इंजिनाच्या भक्कम ब्रॅकेटवर नारळ फोडत आले, बरोबर नळीच्या तोंडाशी. वर हळद, कुंकू, उदबत्तीची राख. ते गोड पाणी दर अमावस्येला नळीत उतरत होतं, आणि जावयांच्या ग्रीसनं त्यावर पक्का गिलावा केला होता. होडीला काही अपघात होऊ नये म्हणून एवढं सगळं चाललेलं, आणि त्यात तिची मानच धरली गेली.

"देवाचं हाय ते," काका खाली बघत म्हणाले.

"देवाचं असू द्या, पन देवाऱ्यात. नळीत कशापायी?" चुलतभाऊ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं म्हणणं पटलं.

मी बाटल्या धुवायच्या ब्रशनं नळी घासली, घासकागदानं दांडा चकचकीत केला, ताजं ग्रीस लावून सगळं जोडलं. आता स्टेअरिंग एका बोटानं फिरत होतं. मी ते पाहुण्यांना मुद्दाम एका बोटानं फिरवून दाखवलं. त्यांचं तोंड उतरलं, आणि मला फार बरं वाटलं. काका तर पोरासारखे हसले. "म्हनलं न्हवतं का? हातात जोर न्हाई म्हनं."

ते होडीत बसले, इंजिन चालू केलं आणि निघाले. आम्ही काठावर उभे राहिलो. वारा नव्हता, पाणी परातीतल्यासारखं स्थिर होतं. होडी थोडी डावीकडं गेली, थोडी उजवीकडं, परत डावीकडं. मला वाटलं, हलकेपणाची सवय नाही, होईल. पण ते तसंच चाललं. मागं पाण्यावर उठणारी रेघ सरळ जाईचना, ती बारीक बारीक वळत चालली होती. मग मला कळलं. काकांचे हात थरथरत होते. किती दिवसांपासून, देव जाणे. स्टेअरिंग जड होतं तोवर तेच त्यांचे हात धरून ठेवत होतं, आणि दोन्ही हातांनी छाती लावून रेटताना ते थरथरणं कुणालाच दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

होडी वळवताना काकांनी मागं बघितलं. आपणच पाण्यावर काढलेली ती रेघ ते बराच वेळ बघत राहिले. मग इंजिन हळू करून काठाला आले.

चुलतभावाला आता बोलायला मोकळं रान होतं. पण तो पाहुण्यांकडं गेला आणि त्यांना उगाच पावसापाण्याचं विचारत बसला.

काका होडीतून उतरले नाहीत. हात मांडीखाली दाबून बसले. मी दोरी बांधायला वाकलो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "हे पुन्हा थोडं जड करता येतंय का रे?"