रत्नाअक्काच्या पिशवीतली माती

रत्नाअक्का डावा बूट आधी घालते. पळताना दाढेखाली एक लवंग धरते. डांबरी रस्त्यावर बोलत राहते, बांधावर गप्प होते. शेतातल्या पाण्याच्या मोटारीला ऑटो स्विच आहे, पण लाईट आली की स्वतः जाऊन बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पळणं सुरू झालं ते यातूनच. लाईट आली की ती फैजपूरच्या घरून केळीच्या शेताकडे धावायची. पन्नाशीला आल्यावर तिच्या लक्षात आलं, लाईट नसली तरी आपल्याला धावावंसं वाटतं. मग शेजारचा चंदन जोडीला आला. मराठीत एम.ए. झालेला, सव्वीस वर्षांचा, आणि कायम तिच्या दहा पावलं मागे.

माघात ती पाटाकडेच्या ओल्या बांधावर पडली. बूट डोंगरवाटेचे, तळाला खोल दाते. त्यांत काळी माती बसली, पाय जड झाले, घोटा मुरगळला. तीन आठवडे घरात.

"आता अजून एकदा पडली ना," तिचे यजमान तोतारामनाना म्हणाले, "तर बूट माळ्यावर आन् तू ओट्यावर."

अक्काने जुने बूट उलटे करून तळ बघितला.

नवे बूट घ्यायला ती आणि चंदन जळगावच्या दुकानात संध्याकाळी गेले. दिवसभराच्या चालीने पाय फुगतो, तेव्हाचं माप खरं, हे अक्काचं म्हणणं. चंदनने मोबाईलवर वाचून यादी केली होती. अक्काकडे फक्त एक पिशवी.

"रस्त्यावर पळता की कच्च्या वाटेवर?" विक्रेत्या योगेंद्रने विचारलं.

"दोन्ही. पाय काही मी बदलत नाही, भाऊ."

त्याने तीन जोड मांडले. अक्काने पिशवीतून ओल्या काळ्या मातीचा गोळा काढला आणि पहिल्या बुटाच्या तळावर दाबला.

"अक्का, नवीन बूट आहेत हो!"

"माती बी नवीनच आहे. सकाळीच काढली."

खोल दात्यांत माती रुतून बसली. गुळगुळीत तळावर सारवल्यासारखी पसरली. तिसऱ्याचे दाते बुटके, अंतराअंतरावर होते. अक्काने तळ दोनदा वाकवला. गोळा सुटून खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडला. चंदनने समीक्षेची पुष्कळ पुस्तकं वाचली होती. अशी कसोटी त्यांत कुठेच नव्हती.

मग तोच जोड घालून तिने अंगठ्यापुढे बोटभर जागा पाहिली, दुकानाच्या पायऱ्या चार वेळा चढल्या-उतरल्या, तो विकत घेतला आणि तिन्ही तळ पुसून दिले.

"गिऱ्हाइकांना दाखवायला थोडी माती ठेवून जाता का?" योगेंद्र म्हणाला.

"थोडी कशाला, बठ्ठी ठेव, सगळीच. आमच्याकडे कमी नाही."

रविवारी ओट्यावर तिने चंदनला पुठ्ठ्यावर उभं केलं. आता त्याच्या बुटांची पाळी होती. डाव्या पायाभोवती पेन्सिल फिरली. उजव्याची टाच झाली, तोच शेतावरून अक्काला फोन आला. लाईट आली होती.

अक्का नवे बूट घालून निघाली. नाना दारात येऊन उभे राहिले. पाटाकडचा बांध ओलाच होता.

वीस मिनिटांनी नानांचा फोन वाजला. अक्काचा आवाज शेजारपर्यंत ऐकू गेला.

"मोटार चालू आहे. पडले नाही. तळाला माती नाही. आता लांबून फिरून येते."

"बरं," नाना म्हणाले, आणि स्वतःशीच हसत आत गेले.

चंदन अजून तिथेच उभा होता. त्याने खाली पाहिलं. पुठ्ठ्यावर डावा पाय पूर्ण होता. उजव्याची फक्त टाच होती.