हाववाल्यांचं बहुमत

चहासाठी आलं ठेचायला बत्ता हातात घेतला की मला चाकूरजवळची आमची शाळा आठवते. तिथं आम्ही वर्गात लोकसभा भरवली होती, आणि अध्यक्ष झालेल्या माझ्या मैत्रिणीनं हातोडा म्हणून घरचा बत्ता आणला होता. त्याला आल्याचा वास येत होता. विरोधी पक्षनेती मी. मधल्या सुट्टीत मैदान मुलींनाही मिळावं, असा ठराव मी मांडला. आवाजी मतदानाला आम्ही पोरी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हाव!" पोरांचं "न्हाई" त्यात पार बुडून गेलं. तेवढ्यात आमची लोकसभा बघायला पुण्याहून आलेले पाहुणे उठले. "बाळांनो, हाव म्हणजे लोभ. होय म्हणायचं. चला, पुन्हा मतदान घ्या." पोरं लगेच घसा खाकरायला लागली. आता ठराव पडतो म्हणून मी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी टेबलावर बत्ता आपटला. "पाहुण्यांनी खाली बसावं. अध्यक्षाला इचारल्याबिगर सभागृहात बोलता येत न्हाई. हाववाले लई हायेत. ठराव मंजूर!" हेडसरांनी डोळे मिटून घेतले. पाहुणे हात जोडून खाली बसले. दुसऱ्या दिवशी मैदानावर आमचा खो-खो सुरू झाला. परवा नव्या लोकसभेनं अध्यक्ष निवडला, तेव्हा टीव्ही लावून मी आलं ठेचत होते. सभागृहात आवाजी मतदान पुकारलं गेलं, आणि ओट्यावर बत्ता आपटून लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात मी एकटीच ओरडले, "हाव!"