फॅमिली गावाला आहे

लेकीच्या घरी जाऊन राहू नये, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण बायको गेली आणि एसटी स्टँडजवळचं आमचं भज्यांचं हॉटेल चालेना. भजी ती काढायची. मी गल्ल्यावर बसायचो आणि गिऱ्हाइकाशी भांडायचो. ती गेल्यावर एकदा मी कढई चढवली, पीठ कालवलं आणि तेलातून धूर निघेपर्यंत नुसता बघत बसलो. समोरचा पानवाला पळत आला, त्यानं गॅस बंद केला. त्यानंच लेकीला फोन केला असणार. ती आली, माझ्या दोन पिशव्या भरल्या आणि मला कासारवाडीला घेऊन आली.

कासारवाडीत तिची एक खोली आणि किचन. त्यात ती, जावई आणि शाळेत जाणारी नात. जावई कंपनीत. रात्रीची शिफ्ट असली की तो सकाळी येऊन झोपायचा. माणूस वाईट नाही. "मामा, तुम्ही बसा की आत, मला काही ऐकू येत नाही," म्हणायचा. पण मला खोकला आहे. खोकला दाबून माणूस किती वेळ बसणार? मी उठून स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचो. लोणावळ्याकडची गाडी जायची, पुण्याकडची यायची. तिथला चहावाला एकदा म्हणाला, "बाबा, रोज येता, गाडीत मात्र कधी बसत नाही."

म्हणलं, "जायला जागा असती तर बसलो असतो."

तशात विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. लेकीची सासू. ती इथंच येणार, आणि पुढं इथंच राहणार. लेक मला एक शब्द बोलली नाही. एक दिवस फक्त भिंतीच्या कडेनं हातानं माप घेतलं, एक गादी इथं, एक तिथं, आणि माझ्याकडं बघून हसली. घरात काही नसलं की तिची आई असंच हसायची. मला कळायचं ते कळलं. विहीण यायच्या आत मला तिथून निघायचं होतं. विहिणीच्या पायाशी अंथरूण टाकून झोपायची माझी तयारी नव्हती. स्टेशनवर झोपायची होती, पण लेकीला ते कुणीतरी सांगितलंच असतं.

नोकरी मिळाली होती. महाळुंग्याला एका गोडाऊनवर वॉचमन. गेटवर बसायचं, आत येणाऱ्या ट्रकचा नंबर लिहायचा. चौथी शिकलोय, आकडे येतात. पगार असा की भाडं दिलं तर जेवणाचं बघावं लागणार आणि नीट जेवलो तर भाड्याचं. म्हणजे खोली स्वस्तातलीच पाहिजे होती.

पहिल्यांदा दापोडीत बघितलं, लेक जवळ राहील म्हणून. रुळाच्या बाजूच्या गल्ल्या, एका माणसानं दुसऱ्याला वाट द्यायची तर भिंतीला चिकटावं लागतं. खोली म्हणजे मोरी आणि तिच्या पुढं झोपायला जागा. तरी मी हो म्हणलो. घरमालकानं विचारलं, "फॅमिली?"

"नाही."

"बॅचलरला देत नाही आम्ही."

म्हणलं, "मी बॅचलर? माझी नात शाळेत जाते."

"तसं नाही काका. फॅमिली सोबत आहे का?"

"वारली."

"मग बॅचलरच झाला ना."

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या बोर्डावर तसंच लिहिलेलं होतं, फक्त फॅमिली. पुढं मी शेकडो बोर्ड वाचले. ह्या पट्ट्यात भाडेकरूच्या दोनच जाती आहेत, फॅमिली आणि बॅचलर. म्हातारा विधुर नावाची तिसरी जात कुणी ठेवलेली नाही.

मग म्हणलं, बॅचलर तर बॅचलर. महाळुंग्यात कंपनीतल्या पोरांसाठी कॉट बेसिसवर खोल्या असतात. भाडं खोलीचं नाही, कॉटचं. मी गेलो तेव्हा पोरं भात खात बसलेली. एकजण म्हणाला, "आजोबा, तुमची कॉट झोपलीय अजून. दुपारी उठेल." कॉटवर दुसऱ्या शिफ्टचं एक पोरगं तोंडावर टॉवेल टाकून झोपलेलं होतं. तो कामावर गेला की मी झोपायचं. गादी कधी गार पडत नाही, अशी व्यवस्था. मला तीही चालली असती. पोरांनी मला भात वाढला. पण खोली चालवणारा ठेकेदार आला, त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काका, राग मानू नका. पोरं ड्युटीला गेल्यावर तुम्हाला काही झालं तर पोलिस मला विचारणार."

"काही झालं म्हणजे मेलो तर, असंच ना?"

"तसंच."

"सरळ बोललास, बरं वाटलं," म्हणलं आणि बाहेर पडलो. बरं काही वाटलं नव्हतं. चालत चालत हायवेपर्यंत आलो आणि एका कंटेनरच्या सावलीत उकिडवा बसून राहिलो. ड्रायव्हरनं हॉर्न मारला तेव्हा उठलो.

असं पुष्कळ चाललं. ड्युटी सुटली की खोल्या बघायच्या. कुणी विचारलं की मी म्हणायचो, वारली. बायामाणसं चुकचुकायची, "बसा बाबा, पाणी घ्या," म्हणायची आणि मग सांगायची की खोली कालच गेली. पाणी मला सगळीकडं मिळालं. विहिणीच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली, आणि रात्री मला भीती वाटायला लागली. मरायची नाही. उद्या पुन्हा एका अनोळखी दारात उभं राहून तो एक शब्द बोलायची. दिवसातून पाच-सहा वेळा मी तिला मारत होतो, असं वाटायचं.

गोडाऊनवर माझ्या पाळीनंतर येणारा वॉचमन नांदेडकडचा. तो म्हणाला, "काका, तुमचं तोंडच तुमचं वैरी हाय. मावशी गावाला हायती म्हणा की. मागनं कोण बघतंय?"

महाळुंग्याच्या कडेला एका जुन्या शेतकरी घराच्या खोल्या होत्या. जमीन कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्यांची रांग काढलेली. मालकीण माझ्याच वयाची. सगळे तिला आक्का म्हणायचे. अंगणात बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. भाडं विचारलं तर मला झेपणारं होतं. एवढ्या दिवसात पहिल्यांदा.

"फॅमिली हाय का?"

"आहे."

"कुटं?"

"गावाला."

"का बरं? भांडून ऱ्हायली का काय?"

"नाही हो. हॉटेल आहे आमचं भज्यांचं. ती बघते."

"आन् तुमी हितं वाचमन? बाई कमावती, गडी गेटावर बसतो. मजा हाय की पाव्हणं तुमची!"

मी हसलो. बायको गेल्यापासून हसलो नव्हतो. मग तिनं विचारलं, कशी करते भजी, आणि मी सांगत सुटलो. कोथिंबिरीच्या काड्या टाकून देत नाही, बारीक चिरून पिठात घालते. मिठाचा अंदाज हाताला आहे, पण माझ्यावर चिडली की मीठ जास्त पडतं. मोठ्यानं बोलते. गुडघे धरतात. सिनेमा लागला की झोपते आणि मध्येच उठून विचारते, मेला का तो? आक्का खदाखदा हसली. "गुडगं धरत्यात तर चढावरची नगं. ही खालची कडंची घ्या, टाकी बी जवळ हाय." तिच्या गुडघ्यांसाठी मला खालची खोली मिळाली.

उठताना आक्का म्हणाली, "गुरुवारी या दोगं. दूध आणा, नवं पातेलं आणा. आमच्यात बाईनं दूध उतू घातल्याबिगर किल्ली देत न्हाई. आन् किल्ली बी बाईच्याच हातात. गड्याचं काय, आज हितं, उद्या तितं."

बसमध्ये बसल्यावर कळलं. अर्धा तास ती जिवंत होती, आणि तो अर्धा तास मला परत पाहिजे होता. खोलीपेक्षा जास्त.

नांदेडवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय झालं? मजूर अड्ड्यावरनं एखादी बाई घेऊन जा तासाभरासाठी. दिवसाची हजेरी द्या." मी त्याला शिवी दिली. आणि गुरुवारी सकाळी मी चाकणच्या अड्ड्यावर जाऊन उभा राहिलो. माणूस कुठपर्यंत जातो ते सांगतोय. बायका डबे घेऊन उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले. एक पिकल्या केसांची बाई पुढं आली. "काम काय हाय?"

मी तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडं बघत राहिलो.

"भिंत हाय का स्लॅब? किती बाया पायजेत?"

"काही नाही," म्हणलं.

"मग बघतोस काय रं म्हाताऱ्या उभा ऱ्हाऊन?" सगळ्या हसल्या. मी तिथून निघालो. दूध घेतलं, पातेलं घेतलं. का घेतलं ते मला सांगता येणार नाही. दुसरीकडं कुठं जायला नव्हतं. विहीण आदल्या दिवशीच आली होती आणि लेकीनं माझं अंथरूण किचनमध्ये गॅसच्या खाली टाकलं होतं.

खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्यापाशी आक्काची सून हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी, ताटात किल्ली. आक्का लांब टाकीजवळ उभी होती. तिनं माझ्या मागं बघितलं, रस्त्याकडं बघितलं.

"कुटं हायत? रिक्षातनं उतरायच्यात का?"

"वारली," म्हणलं. "दिवाळीच्या आधीच वारली."

सुनेनं ताटावर पदर घेतला आणि घरात गेली. आक्का चालत जवळ आली. मला वाटलं मारते.

"मेल्याली बाई जित्ती सांगून खोली मागितली व्हय?"

"हो."

"लाज न्हाई वाटली?"

"वाटली. सगळीकडं खरं सांगितलं, कुणी दिली नाही. तुम्हाला आधीच सांगितलं असतं तर दिली असती का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय मग? गप बसा." ती तिथंच पायरीवर बसली. पलीकडच्या कंपनीचा भोंगा झाला. मग म्हणाली, "त्या दिशी तुमी गेल्यावर सुनंला म्हनलं, ह्या बाईचं आन् माजं जमंल. सांजचं टाकीपाशी बसू दोगी. मी वाट बगत व्हते तिची. तुमाला काय, खोली पायजे व्हती."

पातेलं उचललं, दुधाची पिशवी त्यात टाकली आणि निघालो. फाटकापर्यंत गेलो असेन.

"ओ पाव्हणं!"

आक्का घरातून किल्ली घेऊन आली होती. ताट नव्हतं, नुसती किल्ली, मुठीत.

"आमचं मालक गेल्यापासनं ह्या हातानं मी कुणाला किल्ली दिली न्हाई. सून देती. नव्या संसाराला माजा हात नगं म्हणून मी टाकीपाशी उबी ऱ्हाते." तिनं किल्ली माझ्या पातेल्यात टाकली, आवाज झाला. "तुमाला माज्या हातानं आता काय वाकडं व्हायचं ऱ्हायलंय? घ्या. भाडं येळंवर पायजे. दारू चालणार न्हाई. आजारी पडलात तर लेकीला फोन करीन, मी उचलायला येणार न्हाई. आन् ते दूध उतू घालायचं न्हाई. चा करून प्या."

गॅस नव्हता, चहा कशावर करणार? पण हो म्हणलं.

आत गेलो. पत्रा तापलेला होता. मी भिंतीला टेकून बसलो. खोली मिळाली की छातीवरचा दगड उतरेल, असं इतके दिवस धरून चाललो होतो. उतरला नाही. लेकीकडं निदान कुणीतरी झोपलेलं असायचं, त्याच्यासाठी खोकला दाबायचा असायचा. इथं मी खोकलो, पाहिजे तेवढा खोकलो, आणि कुणाची झोप मोडली नाही. इतकं एकटं मला स्मशानातून परत येतानाही वाटलं नव्हतं. तेव्हा बरोबर माणसं होती.

दारात शेजारची बाई आली, कडेवर लेकरू. "नवीन का? काकू आल्या नाहीत?"

"वारली," म्हणलं.

ती चुकचुकली नाही. लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पाणी संध्याकाळी येतं, लगेच जातं. बादली आहे का तुमच्याकडं?"

नव्हती.

"मग लवकर आणा," ती म्हणाली. मी उठलो, खोलीला कुलूप लावलं आणि बादली आणायला गेलो.