मॅडम, तुम्ही नक्की कोण?

आयसीयूत काम करते म्हटलं की लोक लगेच आवाज खाली आणतात. त्यांना वाटतं, तिथे कुणी हसतच नसेल. अहो, अबुधाबीतल्या आमच्या युनिटमधले किस्से इतके साठलेत की नवरा म्हणतो, "आधी जेव, मग सांग!"

मी नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे नर्सच, पण पुढचं शिकलेली. पेशंट तपासते, औषधं लिहिते, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज बदलते. जोडीला वसईचा ग्लेन, फिजिशियन असिस्टंट. काम साधारण तेच. आणि आम्ही नक्की कोण, हे कुणालाच कळत नाही!

पुण्यात आईने सोसायटीभर सांगून टाकलंय, "मुलगी डॉक्टर आहे." मी फोनवर म्हटलं, "अगं, नाहीये मी डॉक्टर!"

"तू तिकडे सांग ना खरं. इकडचं मी बघते!"

*

लेकीला शाळेत विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, "शी टेल्स डॉक्टर्स व्हॉट टू डू. ॲट होम वुई हॅव नो डॉक्टर, सो शी टेल्स बाबा!"

*

एका पेशंटची आई, इथलीच, वयस्कर अरबी बाई. ग्लेनला म्हणाली, "दोक्तोर?"

"नो, मामा."

"नर्स?"

"नो, मामा."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खलास! मुदीर!" म्हणजे, ठरलं, मॅनेजर! दुसऱ्या दिवसापासून ग्लेनला खजूर, कॉफी आणि एसीच्या तक्रारी!

*

नवा ज्युनियर डॉक्टर. पेशंटचं बीपी कोसळतंय आणि याच्या हातून मानेच्या शिरेत नळी काही जाईना. ग्लेन शेजारी जाऊन हळूच म्हणाला, "सुई जरा आडवी धर. हं, आता." गेली! आठवडाभर तो ग्लेनला "सर, सर" करत होता. मग कुणीतरी सांगितलं, सर डॉक्टर नाहीत. पोरगा पांढराफटक. पाच मिनिटांनी परत आला.

"सर, पण उद्या ड्यूटीवर आहात ना?"

*

आणि रामअवतार. मुसफ्फातल्या वर्कशॉपमधला वेल्डर, मूळचा बिहारचा. न्यूमोनियाने फुप्फुसं भरलेली, दहा-बारा दिवस व्हेंटिलेटरवर. घशातली नळी एकदा काढली, तासाभरात परत घालावी लागली. दिवसभर त्याच्यापाशी मी आणि ग्लेन. त्याच्याशी हिंदीत बोलायचो, आपापसात मराठीत. अख्ख्या युनिटमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्यामुळे घरचं सगळं, माझ्याकडे मुक्काम ठोकलेल्या नणंदेसकट, त्याच्या उशाशीच!

मोठे डॉक्टर म्हणाले, "आता गळ्याला छेद देऊन नळी घालू." आम्ही अडून बसलो. त्याच्या खोकल्यात जोर आलेला आम्ही रोज पाहत होतो.

"सर, एक सकाळ द्या."

त्यांनी एक्स-रे पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. "यल्ला, करा. पण जागचे हलू नका."

नळी काढली. गावाहून बायको व्हिडिओ कॉलवर, तोंडाला पदर लावून. मी मॉनिटरकडे बघतेय. पाच मिनिटं. दहा मिनिटं. श्वास चालू! तासाभराने ऑक्सिजनचा आकडा पंच्याण्णवच्या खाली यायला तयार नाही. बायको रडायला लागली, ग्लेनही. मी वाकले. "रामअवतारभाई, कुछ तो बोलिए."

त्याने ओठ ओले केले. माझ्याकडे पाहिलं, ग्लेनकडे पाहिलं. मग घोगऱ्या आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाला,

"मॅडम, नणंदबाई गेल्या का एकदाच्या?"